युरियाचं गार पाणी, कल्हईचा पांढरा धूर

मलकापुरात युरिया शोधत हिंडावं लागत नाही. शाहूवाडी तालुका भाताचा आणि उसाचा. ४५ किलोच्या पोत्याच्या तळाशी उरलेला मूठभर युरिया कुणाच्याही पडवीत सापडतो. त्यातला ३० ग्रॅम, म्हणजे तीनेक मोठे चमचे, काचेच्या ग्लासात १०० मिलिलिटर पाण्यात टाकायचा आणि काडीनं ढवळायचा. दाण्यांवर कडुनिंबाचं तेल चढवलेलं असतं, त्यामुळे पाण्यावर बारीक तवंग येतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करावं आणि ग्लास हातात धरून ठेवावा. दाणे विरघळत जातात तसा ग्लास गार पडत जातो. तापमापी असेल तर पारा दहा-बारा अंश सहज उतरलेला दिसतो, आणि जुलैच्या दमट हवेत काचेवर बाहेरून दवही धरतं. प्रयोग झाला की ते पाणी बादलीभर पाण्यात मिसळून झाडांना घालावं. तो ग्लास पुन्हा प्यायला घेऊ नये.

दगड उतारावरून खाली येतो. कडवी नदी सह्याद्रीकडून सखल भागाकडेच वाहते. पेटलेलं लाकूड उष्णता देऊन टाकतं आणि राख होऊन बसतं. हे पाहत पाहत आपल्या मनात एक समजूत घट्ट होते, की जे आपोआप घडतं ते ऊर्जा कमी करण्याच्या दिशेनं घडतं. युरियाचं वागणं याच्या नेमकं उलट आहे. ६० ग्रॅम युरिया विरघळताना भोवतालच्या पाण्यातून सुमारे १५ किलोजूल उष्णता ओढून घेतो. खाली यायचं सोडून तो ऊर्जेचा चढ चढतो, आणि तोही कुणी न ढकलता, न तापवता. का? रसायनशास्त्रातली एन्ट्रॉपी समजून घ्यायची असेल तर या ‘का’पाशी बराच वेळ थांबायला हवं.

मलकापूर म्हणजे इथं कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, आंबा घाटाच्या अलीकडचं, विशाळगड जहागिरीचं जुनं ठाणं. बुलढाण्याचं किंवा कऱ्हाडजवळचं नव्हे. अशा गावात दहावीपर्यंत मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेलं मूल अकरावी सायन्सला जातं आणि एका उन्हाळ्याच्या अंतरानं सगळं रसायनशास्त्र त्याच्यासमोर इंग्रजीत येऊन पडतं. बालभारतीचं बारावीचं नवं रसायनशास्त्राचं पुस्तक २०२० साली आलं. त्यातलं चौथं प्रकरण रासायनिक ऊष्मागतिकीचं आहे. ते ज्या पहिल्या तुकडीच्या हातात पडलं तिनं वर्षाचा मोठा भाग घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर काढला. २०२१ ची तिची बोर्डाची परीक्षाही रद्द झाली. टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावची, पशुवैद्यकीय शिकणारी एक मुलगी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून तासाला बसत होती, ती बातमी महाराष्ट्रभर वाचली गेली. घाटाच्या वरच्या अंगालाही वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना टेकाड गाठणं नवीन नव्हतं.

टाळेबंदी उठली, पण मोबाइलवरचा तास राहिला. त्याचं मला मनापासून स्वागतच आहे. पूर्वी सीईटी-नीटच्या शिकवणीसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहावं लागायचं, तिथं आता मलकापूरच्या घरात बसून देशातल्या उत्तम शिक्षकांचा तास ऐकता येतो. एन्ट्रॉपीच्या बाबतीत मात्र या तासांचं एक ठरून गेलंय. व्याख्या येते, सूत्र येतं, मग चिन्हांची यादी: विरघळलं की अधिक, गोठलं की उणे, वायूचे रेणू वाढले की अधिक. मग चार पर्यायांचे प्रश्न. मुलांना गुण मिळतात. युरियाचा ग्लास त्यांच्या हातात देऊन ‘हा गार का पडला?’ असं विचारलं तर मात्र उत्तर येतं, ‘कारण अव्यवस्था वाढली.’ अव्यवस्था वाढल्यानं पाणी गार कसं पडेल, हा पुढचा प्रश्न त्या उत्तराला झेपत नाही.

ही अव्यवस्था शिकवण्यांत आली ती पसरलेल्या खोलीचं उदाहरण घेऊन. कपडे इकडे, वह्या तिकडे, आवरलं नाही तर पसारा वाढत जातो, तशी विश्वाची एन्ट्रॉपी वाढते. उदाहरण चटकन पटतं आणि चुकीचं आहे. वह्या-कपडे इकडचे तिकडे झाल्यानं त्यांच्यातल्या रेणूंच्या हालचालीत काही फरक पडत नाही. उलट उन्हानं खोली दोन अंशांनी तापली तर तिची एन्ट्रॉपी खरोखर वाढते, आणि तेव्हा खोली पहिल्याइतकीच नीटनेटकी दिसते.

या उदाहरणाविरुद्ध ज्यानं सगळ्यात चिकाटीनं लढा दिला तो फ्रँक लॅम्बर्ट हा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजमधला रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. निवृत्तीनंतर, वयाची ऐंशी ओलांडता ओलांडता, त्यानं एन्ट्रॉपीच्या शिकवणीचं काम हाती घेतलं. रसायनशिक्षणाच्या अमेरिकन नियतकालिकात १९९९ पासून लेख लिहिले. २००२ च्या लेखात ‘अव्यवस्था’ ही तडकलेली कुबडी असल्याचं त्यानं ठणकावून सांगितलं. जोडीला इंटरनेटवर साध्या भाषेतली पानं लिहून ती सगळ्यांना मोकळी ठेवली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऊर्जेला अडवणारं काही नसेल तर ती एका ठिकाणी साठून राहत नाही, पसरते; ती किती पसरली आहे याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांनी एकेक करून पसरलेली खोली काढून टाकली. लॅम्बर्ट २०१८ मध्ये, शंभरी पार करून वारला. ऑनलाइन रसायनशास्त्रानं काय साधता येतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

‘पसरते’ म्हणजे काय, हे मात्र आकड्यांत पाहिल्याशिवाय पक्कं होत नाही. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरते. दोन छोटे तुकडे घेऊ, प्रत्येकात तीन अणू. ऊर्जा अणूंकडे सुट्या, ठरावीक पुंजांतच असू शकते. असे एकूण सहा पुंज आहेत असं धरू. सुरुवातीला सहाही पुंज डाव्या तुकड्यात आहेत, म्हणजे डावा तापलेला आणि उजवा थंडगार. सहा पुंज तीन अणूंमध्ये किती प्रकारे वाटता येतील? सगळे एकाकडे, पाच-एक, चार-दोन, असं मांडत गेलं की २८ प्रकार निघतात. उजवीकडे काहीच नाही, त्याचा एकच प्रकार. एकूण २८. आता तुकडे एकमेकांना चिकटवले. पाच डावीकडे आणि एक उजवीकडे, याचे प्रकार २१ गुणिले ३, म्हणजे ६३. चार आणि दोन: १५ गुणिले ६, म्हणजे ९०. तीन आणि तीन: १० गुणिले १०, म्हणजे १००. पुढे तेच आकडे उलट्या क्रमानं येतात. सगळे मिळून ४६२.

पुंजांना दिशा कळत नाही, त्यांना कुठं जायचंही नाही. प्रत्येक प्रकार सारखाच संभवनीय आहे. तरीही कुठल्याही क्षणी पाहिलं तर सगळी ऊर्जा डावीकडेच असण्याची शक्यता ४६२ मध्ये २८, म्हणजे शंभरात सहा, आणि समसमान वाटली गेल्याची शंभरात जवळजवळ बावीस. तापलेल्याकडून थंडाकडे उष्णता जाते ती एवढ्याचसाठी, की तिकडे जाण्याचे प्रकार जास्त आहेत. सहा अणूंत हा कल जेमतेम दिसतो. चमचाभर पाण्यातल्या रेणूंचा आकडा लिहायला एकावर तेवीस शून्यं लागतात. तिथं तो इतका पक्का होतो की आपण त्याला नियम म्हणतो. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच. त्याच्या मुळाशी एवढी साधी मोजणी आहे, हे कळलं त्या दिवशी मला जे वाटलं ते या विषयाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

ही मोजणी लुडविग बोल्ट्झमाननं १८७७ मध्ये मांडली. प्रकारांच्या संख्येचा लॉगॅरिथम घ्यायचा आणि त्याला एका अतिशय लहान स्थिरांकानं गुणायचं: १.३८ भागिले १० चा २३ वा घात, जूल प्रति केल्विन. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेलं आहे. त्याच्या आधी, १८६५ मध्ये, रुडॉल्फ क्लाउझियसनं रेणूंचा विचार न करता, नुसत्या उष्णतेवरून एन्ट्रॉपी मोजली होती: वस्तूला मिळालेली उष्णता भागिले त्या वेळचं केल्विनमधलं तापमान. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. पहिली वाट अर्थ सांगते, दुसरी हिशेब सोपा करते. ऑनलाइन तासांत सहसा दुसरीच येते आणि पहिली एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते क्रम उलटा हवा.

पहिली वाट डोळ्यांना दाखवायला मोबाइलइतकं चांगलं साधन नाही, आणि इथं ऑनलाइन शिकवण फळ्याच्या पुढे जाते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या कार्ल वीमननं, त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्याच्या पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, फेट नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातली आभासी उपकरणं फुकट आहेत, कितीतरी मराठीतही आहेत, आणि उतरवून घेतली की रेंज नसतानाही चालतात. त्यातलं विसरणाचं उपकरण उघडावं. मधे पडदा असलेली एक पेटी दिसते. डावीकडे एका रंगाचे दोन कण सोडायचे, उजवीकडे दुसऱ्या रंगाचे दोन, आणि पडदा काढायचा. कण मिसळतात. पण नुसतं पाहत बसलं तर थोड्या वेळानं ते चौघं पुन्हा आपापल्या बाजूला सापडतात. सोळात एकदा असं व्हायचंच. मग दोन्हीकडे दहा-दहा कण सोडायचे. आता ती वेळ दहा लाख ४८ हजारांत एकदा. शंभर-शंभर सोडले तर विश्वाचं आजवरचं सगळं वय पुरणार नाही. परत येण्याला कुठल्याही नियमानं बंदी केलेली नसताना ते परत येत नाहीत, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. व्याख्यानात ते नुसतं ऐकावं लागतं.

आता युरिया. घन युरियात रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून आपापल्या जागी बसलेले असतात. ते सोडवायला ऊर्जा लागते. पाण्याचे रेणू त्यांना धरतात तेव्हा त्यातली बरीच परत मिळते, पण सगळी नाही. उरलेली तूट पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते, म्हणून ग्लास गार पडतो. ती भरली का जाते? कारण सुटा झालेला रेणू पाण्यात कुठंही असू शकतो, आणि अशा जागांचे, ऊर्जेच्या वाटपाचे प्रकार अफाट वाढतात. ६० ग्रॅममागे एन्ट्रॉपी सुमारे ७० जूल प्रति केल्विन वाढते. खोलीच्या २९८ केल्विन तापमानानं गुणलं की जवळजवळ २१ किलोजूल होतात. एका पारड्यात १५ ची तूट, दुसऱ्यात २१ ची भर. फरक सहा किलोजुलांचा, विरघळण्याच्या बाजूनं. एन्थाल्पीतला बदल, म्हणजे घेतलेली किंवा दिलेली उष्णता, वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल, हे गिब्जच्या मुक्त ऊर्जेचं सूत्र मुलं पाठ करतात, ते एवढंच सांगतं. येल विद्यापीठात विलार्ड गिब्जनं ते १८७० च्या दशकात तयार केलं.

त्या सूत्रातला तापमानाचा गुणाकार फार महत्त्वाचा आहे. उष्णता बांधून ठेवू पाहते, एन्ट्रॉपी सुटं करू पाहते, आणि या ओढाताणीत कुणाची बाजू वरचढ ठरणार ते तापमान ठरवतं. हे पाहायला कल्हईवाल्यासारखा शिक्षक नाही. स्टेनलेस स्टीलनं त्याचा धंदा बसवला, तरी तांब्या-पितळेची भांडी जपून वापरणाऱ्या घरांसाठी तो अजून कुठं कुठं भेटतो. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. पातेलं सांडशीत धरून तो निखाऱ्यांवर फिरवतो, चांगलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकतो आणि बोळ्यानं आतून घासतो. भपकन पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, बोळ्याच्या एका फेऱ्यात पातेल्याच्या पोटावर चांदीसारखं पसरतं. पाण्यात बुडवलं की चर्र आवाज, आणि काम झालं.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्या भांड्यावर पडला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. दुसरा आम्लधर्मी, तो तांब्यावरचा काळा ऑक्साइड खाऊन टाकतो. त्याशिवाय कथील चिकटत नाही. हे दोन वायू वेगळे करायला ५३.५ ग्रॅम नवसागरामागे १७६ किलोजूल लागतात. खोलीच्या तापमानाला ही किंमत परवडण्यासारखी नाही, म्हणून डबीतला नवसागर वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण एका घनाचे दोन वायू होताना एन्ट्रॉपी २८५ जूल प्रति केल्विन वाढते. १,७६,००० ला २८५ नं भागलं की ६१८ येतात. ६१८ केल्विन, म्हणजे ३४५ अंश सेल्सिअस. त्याच्या वर एन्ट्रॉपी जिंकते आणि नवसागर फुटतो. त्याच्या खाली उष्णता जिंकते आणि वायू पुन्हा जुळतात. भांड्यावरून हातभर वर गेलेला वायू हवेत निवतो, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड परत एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण होतात. तोच तो पांढरा धूर. एकाच चिमटीची फूट आणि जोड, दोन्ही एका हाताच्या अंतरात दिसतात. कल्हईवाल्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ आणि तीन ओळींचं हे गणित शेजारी शेजारी दाखवणारा तास मला कधी आढळला नाही, आणि हा तास कुणीतरी करावा असं फार वाटतं.

चुन्याचंही असंच. चुनखडी फुटून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड व्हायला १०० ग्रॅममागे १७८ किलोजूल लागतात. वायू मोकळा झाल्यानं एन्ट्रॉपी १६० जूल प्रति केल्विनच्या आसपास वाढते. भागाकार केला की उत्तर ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. चुनाभट्टीचा जाळ एवढा कडक का लागतो, ते या भागाकारात आहे. भट्टीतून वारा खेळता ठेवला आणि सुटलेला वायू बाहेर गेला तर काम थोड्या कमी आचेवरही होतं, कारण विरळ वायूला पसरायला आणखी वाव असतो. हीच गोष्ट मेघनाद साहांनी १९२० मध्ये सूर्यावर ओळखली. अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं ही त्यांनी रासायनिक विघटनासारखी क्रिया मानली आणि दाखवलं की सूर्याच्या वातावरणात वरच्या, विरळ थरात कॅल्शियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावलेले का आढळतात. चुन्यातलं कॅल्शियम, तेच. ताऱ्यांच्या तापमानाचा अभ्यास या समीकरणावर उभा राहिला.

भट्टीतून काढलेली कळी पाण्यात टाकली की खदखदते. इथं अव्यवस्थावाल्यांची खरी अडचण होते. कळी आणि पाणी मिळून भिजलेला चुना होतो तेव्हा या पदार्थांची स्वतःची एन्ट्रॉपी कमी होते, ५६ ग्रॅम कळीमागे २६ जूल प्रति केल्विननं. तरी क्रिया जोरात घडते. कारण बाहेर पडलेली ६५ किलोजूल उष्णता आसपासच्या पाण्यात, हवेत, भांड्यात पसरते आणि तिथली एन्ट्रॉपी जवळजवळ २१९ नं वाढवते. जमाखर्च दोन्हीकडचा मिळून मांडायचा असतो. पुढे हाच चुना भिंतीच्या सांध्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो, वर्षानुवर्षं सावकाश, आणि चिरे धरून ठेवतो.

हे सगळं सखोल शिकायचं असेल तर फुकटात मोठा खजिना आहे. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटेलवर ऊष्मागतिकीचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीचा ५.६० क्रमांकाचा, २००८ मध्ये चित्रित झालेला अभ्यासक्रम माउंगी बावेंडी आणि कीथ नेल्सन यांनी शिकवला आहे. बावेंडींना पुढे २०२३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना फळ्यावर पायरी पायरीनं लिहिताना पाहणं हा आनंद आहे. सांगणं एकच: व्हिडिओ सलग पाहू नये. शिक्षकानं प्रश्न लिहिला की थांबवावा, वहीत उत्तर काढावं, मग पुढे जावं. व्हिडिओ आपण थांबलो म्हणून रागावत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात ही सोय कधीच नव्हती. इंग्रजी अडलं तर वाक्य दोनदा ऐकावं. रसायनशास्त्राचे आकडे मराठी-इंग्रजी मानत नाहीत.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो चांगला आहे. सगळं पसरतच जात असेल तर ऊस कसा वाढतो? हवेतला विरळ कार्बन डायऑक्साइड आणि मातीतलं पाणी गोळा करून तो साखर रचतो; १८० ग्रॅम ग्लुकोजमागे जवळजवळ २,८८० किलोजुलांची चढण. दुसरा नियम इथं मोडत नाही. सूर्याच्या सुमारे ५,८०० केल्विनच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश पृथ्वी घेते आणि तेवढीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात थंड अवकाशात परत टाकते. आलेल्या एका प्रकाशकणामागे विसेक अवरक्त कण बाहेर पडतात. ऊर्जा तेवढीच, पण विसांत विखुरलेली. या प्रचंड पसरण्याच्या ओघातून ऊस आपला लहानसा वाटा साखरेत बांधून घेतो.

ती बांधलेली ऊर्जा गुऱ्हाळात कशी खर्च होते, हा हिशेब कोल्हापूरच्या मुलांनी तरी करायलाच हवा. चरकातून निघालेलं चिपाड वाळवून चुलवाणात घालतात, वर काहिलीत रस उकळतो. जाळ १,००० केल्विनचा धरू. पाक गुळावर येतो तेव्हा ११८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ३९१ केल्विन. जाळातून १,००० जूल पाकात गेले. क्लाउझियसच्या मापानं जाळानं १ जूल प्रति केल्विन गमावलं, पाकानं २.५६ कमावलं. १.५६ नव्यानं तयार झालं आणि ते आता कुणालाही पुसता येणार नाही. त्याची किंमत काढता येते. सादी कार्नोनं १८२४ मध्ये दिलेल्या नियमानुसार, भोवतालची हवा ३०० केल्विन असताना जाळातल्या १,००० जुलांतून जास्तीत जास्त ७०० जूल काम मिळू शकलं असतं. पाकात पोचल्यावर त्यांतून २३३ च मिळू शकतात. ४६७ जूल कामाची संधी गेली. उष्णता एक जूलही नाहीशी झाली नाही. १.५६ ला ३०० नं गुणून पाहा, जवळजवळ तोच आकडा येतो.

साखर कारखान्यांतले सहवीजनिर्मितीचे प्रकल्प याच ४६७ वर डोळा ठेवून उभे आहेत. ते बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्याच, जाळावर आधी उच्च दाबाची वाफ करतात, तिच्याकडून टर्बाइन फिरवून वीज काढतात आणि निवत आलेल्या वाफेवर रस आटवतात. गुऱ्हाळाला टर्बाइन परवडत नाही. पण चुलवाणातून धुराड्याकडे जाणारा तापलेला धूर दुसऱ्या काहिलीखालून नेला आणि ताजा रस तिथं आधी कोमट करून घेतला, तर जाळाचं आणि रसाचं अंतर कमी होतं, नवी एन्ट्रॉपी कमी तयार होते आणि त्याच चिपाडात एखादं आदण जास्त निघतं.